पेण-रोह्याच्या शिवारातला ओझोन मोजा

भातकापणी उरकली की रोहा आणि पेण तालुक्यांत जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, खतही बेताचेच लागते. थंडी मुरली की याच शेंगा पोपटीच्या मडक्यात जातात आणि उरलेल्या वाळवून कडव्या वालाचे पैसे होतात. पण नोव्हेंबर ते मे हेच महिने जमिनीलगतचा ओझोन वाढण्याचेही असतात. पावसाळ्यात ढग, सरी आणि समुद्रावरून येणारा स्वच्छ वारा त्याला वर येऊ देत नाहीत, त्यामुळे खरिपाचे भात बऱ्याच अंशी बचावते. वाल आणि कालव्यावरचे उन्हाळी भात मात्र त्याच्या तडाख्यात येण्याची शक्यता मोठी. हा तडाखा किती मोठा, हे सांगायला पिकांसाठी म्हणून ओझोन मोजणारी व्यवस्थाच आपल्याकडे उभी राहिलेली नाही. ती उभारण्याची सुरुवात रायगड जिल्ह्यातून व्हावी, अशी आमची मागणी आहे.

आकाशात पंधरा-वीस किलोमीटरच्या वर असलेला ओझोन आपले रक्षण करतो, तोच वायू जमिनीलगत विषारी ठरतो. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने आणि भट्ट्या यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोल, रंग, रसायने यांच्या बाष्पांतले सेंद्रिय वायू उन्हात एकत्र आले की तो तयार होतो. या सेंद्रिय वायूंत जंगलातल्या झाडांचाही वाटा असतो. शहरातल्या भर रहदारीत ताजा धूरच ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून चौकातल्या यंत्रावर आकडा कमी दिसतो. तीच हवा वाऱ्याबरोबर पुढे सरकते आणि दुपारपर्यंत तिच्यात ओझोन साठतो. जगभर आढळलेली गोष्ट अशी की शहराच्या वाऱ्याखालच्या खेड्यांत तो शहरापेक्षा जास्त असू शकतो.

आता नकाशा पाहा. मुंबईच्या आग्नेयेला आणि ठाणे, पनवेल यांच्या दक्षिणेकडे पेण, आणि त्याच्या दक्षिणेला रोहा. कोरड्या महिन्यांत दुपारचा खारा वारा वायव्येकडून आत शिरतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी अडतो. वाटेत डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, धाटावची रासायनिक वसाहत आणि मुंबई-गोवा महामार्ग. यांपैकी एकावर बोट ठेवून ‘ओझोन तुझाच’ असे म्हणता येत नाही आणि आम्ही तसे म्हणतही नाही. तो सगळ्यांच्या वायूंतून मिळून बनतो. म्हणूनच तो कोणाच्या हद्दीत येत नाही आणि कोणाच्या वहीतही चढत नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. कर्नाळा-साई-चिरनेर परिसरात नियोजित असलेल्या नव्या शहराची हद्द पेण तालुक्यातल्या गावांपर्यंत येते. म्हणजे वाहने वाढणार हे ठरलेले आहे. आजची पातळी नोंदवून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी ‘आधी काय होते’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसेल.

ओझोन पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून. आत गेला की पेशींची आवरणे जाळतो, पान अन्न बनवायचे कमी करते आणि वेळेआधी पिवळे पडते. वालासारख्या शेंगवर्गीय वेलाचे खालचे, जुने पान उलटसुलट करून पाहिले तर ओझोनची खूण ओळखता येते. वरच्या बाजूला शिरांच्या मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढे तांबूस-तपकिरी ठिपके, शिरा मात्र हिरव्याच आणि पानाची खालची बाजू बहुधा स्वच्छ. लाल कोळी असेल तर खालच्या बाजूला जाळी आणि किडे सापडतात. भातात असेच ठिपके करपा किंवा तपकिरी ठिपक्यांचा रोग समजले जाण्याचा संभव असतो. मग फवारणी होते, पैसे जातात, रोग मात्र तिथे नसतोच. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याचदा ठिपकाही दिसत नाही, फक्त दाणा पोचट राहतो आणि शेतकरी दोष बियाण्याला देतो.

आपले राष्ट्रीय हवा-मानक 2009 चे आहे. त्यात ओझोनसाठी आठ तासांची सरासरी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत साधारण 50 भाग, ही मर्यादा आहे. ती माणसाच्या श्वासासाठी ठीक आहे. पिकांचा हिशेब वेगळा असतो. युरोपात 40 भागांच्या वर दिवसाउजेडी जितका ओझोन जाईल तितका तासातासाने जमा करतात. तीन महिन्यांत ही बेरीज 3000 च्या पुढे गेली की गव्हासारख्या संवेदनशील पिकाचे उत्पन्न घटू लागते, असे तिथे धरले जाते. समजा, एखाद्या शिवारात रोज आठ तास 48 भाग ओझोन राहिला. मानकाप्रमाणे ही हवा उत्तीर्ण. पण 40 च्या वरचे 8 भाग गुणिले आठ तास, म्हणजे रोज 64 प्रमाणे नव्वद दिवसांची बेरीज होते 5760, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या जवळजवळ दुप्पट. मानक पाळले जात असताना पीक मार खाऊ शकते, आणि आपल्या कायद्यात पिकासाठी अशी साठत जाणारी मर्यादाच नाही.

यातही कोकणाचा पेच आहे. पानात किती ओझोन शिरतो हे रंध्रे किती उघडी आहेत यावर ठरते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्याने रोह्याच्या शेतांत येते. त्यावरच्या उन्हाळी भाताच्या मुळाशी पाणी आणि हवेत दमटपणा, म्हणून रंध्रे दिवसभर उघडी. शेजारच्या बांधापलीकडचा वाल फक्त मुरलेल्या ओलीवर असतो. फेब्रुवारीत जमीन सुकली की तो दुपारी रंध्रे मिटून घेतो. हवा एकच, पण दोघांना बसणारा मार वेगवेगळा. कोरड्या प्रदेशातून आणलेले गणित इथे जसेच्या तसे लावले तर भाताचे नुकसान कमी दिसेल आणि वालाचे कदाचित जास्त.

यंत्रे नसतील तर अंदाज कसा करायचा? उपग्रह मदत करतो, पण अर्धीच. 2017 मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-5पी वरचे उपकरण नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड काही किलोमीटरच्या चौकोनात दाखवते. जमिनीलगतचा ओझोन मात्र वरच्या थराआड झाकला जातो, कारण एकूण ओझोनपैकी सुमारे नव्वद टक्के वरच असतो. संगणकी प्रारूपे ही उणीव भरून काढतात. पण जागतिक प्रारूपांचा एक चौकोन बहुधा कित्येक किलोमीटरचा असतो. त्यात समुद्र, खाडी, खारभूमी, शहर आणि सह्याद्रीचा डोंगर यांची एकच सरासरी निघते. भारतात अशी प्रारूपे अनेकदा जास्त ओझोन दाखवतात, हेही आढळलेले आहे.

अंदाज टाकाऊ असतो असे नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रारूपाच्याच आधारे दाखवले की 2005 या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे 35 लाख टन गहू आणि 21 लाख टन तांदूळ कमी पिकला. तांदळाच्या आकड्यातली अनिश्चितता त्यांनी 8 लाख टन इतकी सांगितली होती. अंदाज असाच, त्याच्या दोन्ही कडांसह मांडायचा असतो. देशाचा आकडा तालुक्याला वाटून मात्र देता येत नाही. तालुक्याचा अंदाज खरा ठरवायला तालुक्यातच थोडी तरी मोजणी लागते.

हे काम प्रचंड खर्चाचे नाही. किल्ला-रोहा येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, कर्जतला भाताचे आणि पनवेलला खारभूमीचे संशोधन केंद्र आहे. रोह्याच्या केंद्रावर एक आणि पेणच्या खारपट्ट्यात एक प्रमाणित ओझोन विश्लेषक बसवावा. आसपासच्या गावांत विजेशिवाय चालणाऱ्या, पंधरा दिवसांची सरासरी देणाऱ्या नळ्या टांगाव्यात. त्या तासातासाचा चढउतार दाखवत नाहीत, पण दोन यंत्रांशी जोडल्या की नकाशा उभा राहतो. ओझोनला हळवे आणि न जुमानणारे असे घेवड्याचे दोन वाण जगभर शेजारी शेजारी लावून तुलना करतात. तोच प्रयोग वालाच्या स्थानिक वाणांवर व्हावा, कारण आपल्या कडव्या वालाला किती ओझोन सोसतो हे परदेशी तक्त्यात सापडणार नाही. पुण्याची संस्था गणित करू शकते. कृषी सहायकांना पानावरची खूण ओळखायला शिकवणे तर एका दिवसाचे काम आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणेल की पिके आमचा विषय नाहीत, कृषी खाते म्हणेल की हवा आमचा विषय नाही. देशाच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाचा भर 2019 पासून शहरांतल्या धुळीवर आहे. म्हणून जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी वाटून द्यावी, पैसा जिल्हा नियोजन समितीने द्यावा आणि आकडे रोजच्या रोज गावाला दिसतील अशा जागी लागावेत. येत्या नोव्हेंबरात वाल पेरला जाईल, त्याआधी ही दोन यंत्रे चालू झाली पाहिजेत. नाहीतर आणखी एक हंगाम मोजल्याविना जाईल.