गॅरेजमधील एमजीबी

लेस्टरला स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने जुनी एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेतली आहे. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे ती तयार होत असे. इंजिन चार सिलिंडरांचे, 1798 सीसीचे. ते तापले की ऑईलचा दाब घसरे, म्हणून त्याने घरच्या गॅरेजमध्येच ते उतरवून खोलले.

खोलणे सोपे, पण वाचकहो, उत्साहाच्या भरात क्रँकशाफ्टला धरून ठेवणाऱ्या पाचही बेअरिंग-कॅप त्याने एकाच डब्यात टाकल्या. वखारीत मालावर चिठ्ठी न लावणारा नोकर आपण किती दिवस ठेवू? "मामा, दोन तर हुबेहूब सारख्याच आहेत," तो फोनवर म्हणाला. दिसायला असतील, परंतु कारखान्यात कॅप ब्लॉकला आवळूनच भोक एकसंध कातलेले असते. अदलाबदल झाली तर शाफ्ट अडखळतो, बेअरिंग जळते आणि सारा खर्च पाण्यात जातो.

अखेर बेअरिंगविना कॅप आवळून, भोकाचे माप पुनःपुन्हा घेऊन त्याने प्रत्येकीची जागा निश्चित केली आणि पंचने खूण केली. क्रँकशाफ्ट दहा थाऊ, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाने, ग्राइंड करून आणला. बेअरिंगही त्याच मापाचे घेतले. कॅपखाली मऊ प्लॅस्टिकचा धागा दाबून, तो किती पसरला यावरून फट मोजली.

सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून त्याने इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवले. ऑईलच्या दाबाचा काटा वर सरकला, तेव्हाच त्याने प्लग पुन्हा बसवले.