भंगार म्हणण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ला नियमित सुधारणा देणे थांबवले आणि कालपर्यंत चालणारे संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. आपल्या संगणक कक्षातले काही तर त्याआधीच अडगळीत गेले आहेत. हार्ड डिस्क गेली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना कबाड्याच्या हाती देण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हार्ड डिस्कवाचूनही संगणक चालतो. १९८० च्या दशकात सन कंपनीची वर्कस्टेशन्स अशीच नेटवर्कवरून सुरू होत. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट'ने ही सोय शाळा-कॉलेजांच्या आवाक्यात आणली. एका चांगल्या सर्व्हरवर लिनक्स ठेवायचे, बाकीच्या यंत्रांनी ते केबलवरून मागून घ्यायचे. परवान्याचा खर्च शून्य.

"पण ती सुरूच होत नाहीत," असे उत्तर मिळते. मग का होत नाहीत, हे विचारायला नको का? यंत्र मुके नसते. नेटवर्क कार्डातला 'पीएक्सई' हा छोटा प्रोग्राम आधी हाक मारून आपला पत्ता विचारतो. पडद्यावर 'ई६१' आले, तर केबल पाहावी. 'ई५१' म्हणजे हाकेला ओ देणारा डीएचसीपी सर्व्हर नाही. 'ई५३' म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाइल घ्यायची ते कुणी सांगितले नाही. 'ई३२' म्हणजे फाइल देणारा टीएफटीपी सर्व्हर गप्प आहे. त्याही पुढे अडले, तर ३२ बिटांच्या यंत्राला ६४ बिटांचे कर्नल दिले नाही ना, हे तपासावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी कर्नल नाही. डेबियन १२ मध्ये ते आहे.

कुणी म्हणेल, हे विज्ञान शाखेचे काम. मला ते पटत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आपण वेगळे काय शिकतो? एकेक शक्यता तपासून बाजूला सारणे, हेच ना!

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी संगणक नाही. शिकायचे ते या कक्षातच. नागपूरसारख्या शहरातही माझ्यासारखे पुष्कळ आहेत. दहा यंत्रे जगली, तर दहा जणांचे ताटकळणे वाचेल.

सगळीच वाचतील असे नाही. मदरबोर्ड जळालेली यंत्रे ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडे जरूर द्यावीत. मात्र निर्णयापूर्वी गुरुजनांनी आम्हांला एक रविवार, एक स्विच आणि कक्षाची किल्ली द्यावी. पडद्यावरची ओळ वाचल्याशिवाय कुणालाही भंगार म्हणू नये.