आधी गंगाजळी, मग कर्जफेड



‘बोनस आला की थेट गृहकर्जात भरा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला घातक वाटतो. अंधेरीत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, पण पगार त्याआधीच रखडू लागले होते; ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली, तेव्हाही थकबाकीचा प्रश्न मिटला नव्हता. एवढ्या काळात हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी कोणासाठी थांबते? साध्या गृहकर्जात भरलेली जादा रक्कम बँक अडीअडचणीला परत देत नाही. म्हणून बोनस आधी गंगाजळी म्हणून मुदत ठेवीत ठेवावा. तिच्यावर गृहकर्जाच्या व्याजापेक्षा व्याज कमी मिळते, हे मान्य. पण तेवढा फरक विम्याचा हप्ता समजून सोसावा. कंपनीचा आरोग्य विमाही नोकरीबरोबरच जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी हवीच. महिनाअखेर ज्यांच्याकडे काही उरतच नाही, त्यांनी निदान पगार पहिल्यांदा लांबताच, हप्ता चुकण्याआधी, बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)