रिकामी टाकी

सुरतेच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेल्या आपल्या माणसांची घरं दाटीवाटीची. ओट्यावर दुचाकी खोलायची, तर आत दोन हातांवर गॅसची शेगडी. म्हणून पोटतिडकीने सांगतो, पेट्रोलची टाकी उघड्यावरच काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत उंबरा ओलांडते. उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं, मग सुरतेच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, पेट्रोलचा कॉक बंद करून मगच नळी काढा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो; अशी गाडी मेकॅनिककडेच न्यावी. आणि रिकामी टाकी? तीच जास्त घातक, आत वाफ कोंडलेली. गळकी टाकी तशीच वेल्डिंगखाली कधीही धरू नका.