आधी कोपरे मोकळे करा



संध्याकाळी सातच्या सुमारास कोथरूडमधली एखादी गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे दोन मिनिटं उभं राहून बघावं. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर मोटार लावलेली, तिला खेटून दोन स्कूटर, आणि पदपथाच्या उतारावर चढवलेला टेम्पो. क्लासहून घरी निघालेलं आठ-नऊ वर्षांचं मूल या सगळ्याला वळसा घालतं, रस्त्यात दोन पावलं टाकतं, मान पुढे काढून बघतं आणि पळत सुटतं. येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते मोटारीच्या आडून बाहेर पडेपर्यंत दिसतच नाही.

पुण्यात पार्किंगवर वाद घालायला माणसं कधी कमी पडली नाहीत, पण त्या वादात हे मूल कुठेच नसतं. वाद असतो तो गाडी कुठे लावायची आणि तिचे पैसे किती, याचा. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, तेव्हाही असंच झालं. सशुल्क पार्किंगला इतका विरोध झाला की ते प्रायोगिक म्हणून फक्त पाच रस्त्यांपुरतं आणायचं ठरलं, आणि पुढे तेवढंही वर्षानुवर्षं रखडलं. त्याच सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. पैशांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण गाडी कुठे लावायची नाही, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभं करता येत नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी ते आणखी नेमकं केलं. पदपथावर, सायकल मार्गावर आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी लावायची नाही. बसथांब्याजवळ, शाळेच्या आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी लावायची नाही. आणि चौकाच्या कडेपासून पन्नास मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना लावायची नाही.

हे पन्नास मीटर सदाशिव पेठेत किंवा शनिवार पेठेत मोजायला घ्यावेत. एका बोळाच्या तोंडापासून पन्नास मीटर संपायच्या आत पुढचा बोळ येतो. नियम शब्दशः लावला तर अख्ख्या पेठेत रस्त्यावर एकही गाडी लावता येणार नाही. हे पोलिसांना ठाऊक आहे, महापालिकेला ठाऊक आहे आणि रहिवाशांनाही. त्यामुळे सगळ्यांनीच न बोलता तो नियम सोडून दिला आहे. सम-विषम तारखांचे फलक पाळले जातात, नो पार्किंगमधली दुचाकी टोइंगची गाडी उचलून नेते. पण कोपऱ्याच्या अगदी तोंडाशी लावलेली मोटार फलक नाही म्हणून तिथेच राहते. पन्नास मीटर जमत नाहीत, म्हणून पाच मीटरही राखायचे नाहीत, असं होऊन बसलं आहे. खरं दुखणं इथे आहे.

कारण त्या पहिल्या काही मीटरांतच जीव वाचतो किंवा जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. समोर कोणी आलं हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत साधारण सेकंदभर जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. म्हणजे एकूण तेरा मीटर. वेग ताशी ५० असेल, तर हाच हिशेब २८ मीटरच्या आसपास जातो. पावसाळ्यातल्या निसरड्या रस्त्यावर त्याहूनही पुढे. कोपऱ्याशी उभ्या मोटारीमागून मूल बाहेर येतं, तेव्हा चालकाच्या हाती एवढं अंतर उरलेलंच नसतं. तो कितीही सावध असो. आताच्या उंच बॉनेटच्या गाड्यांमागे तर शाळकरी मूल डोक्यापर्यंत झाकलं जातं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. जवळजवळ पाचांतला एक.

‘पेठेतल्या माणसाने गाडी लावायची तरी कुठे?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. वाडे बांधले गेले तेव्हा मोटारींचा विचार कोणी केला नव्हता. पण नव्या इमारतींचं काय? तिथे पार्किंग मंजूर नकाशात असतं, आणि प्रत्यक्षात त्या जागी कुठे दुकान, कुठे गोदाम, कुठे कार्यालय थाटलेलं दिसतं. तिथल्या गाड्या मग रस्त्यावर येतात. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने, पार्किंगची जागा नसताना एकेका कुटुंबाला चार-पाच मोटारी घेऊ देऊ नयेत, असं मत व्यक्त केलं. जपानने जागेचा दाखला असल्याशिवाय मोटारीची नोंदणी नाही ही व्यवस्था १९६२ च्या कायद्यापासून उभी केली. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तशी कल्पना मांडली. ती चांगली आहे, पण तिचा परिणाम दिसायला वर्षं लागतील. कोपऱ्याला एवढं थांबता येणार नाही.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात होबोकेन नावाचं गाव आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास, रस्ते अरुंद, घरं दाटीची, आणि गाडी लावायला जागा मिळत नाही ही तिथलीही रोजची तक्रार. तिथल्या नगरपालिकेने चौकांचे कोपरे मोकळे केले. नुसता रंगाचा पट्टा मारून नव्हे, तर गाडी चढवताच येणार नाही अशा रीतीने: कुठे खांब, कुठे सायकलींचे स्टँड, कुठे झाडांचे वाफे. सोबत वेगही कमी केला. जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून अधिक काळ तिथल्या गावरस्त्यांवर अपघाताने एकही माणूस दगावला नाही. हे श्रेय एकट्या कोपऱ्यांचं नाही, पण त्या कामात कोपरे पहिल्या फळीत होते.

पुण्याला हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ याच शहराने केले, आणि तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निवांत चालताना दिसतात. पादचारी धोरण महापालिकेने २०१६ मध्येच स्वीकारलं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. कागदांची वानवा नाही.

म्हणून मागणी छोटी आणि मोजता येण्याजोगी असावी. कायद्यातले पन्नास मीटर कायम राहोत. पण दाट वस्तीत प्रत्येक चौकाचे पहिले दहा मीटर महापालिकेने खांब रोवून बंद करावेत. सुरुवात शाळांच्या चौकांपासून. तिथे मोटारीऐवजी सायकली उभ्या राहिल्या तर कोणाचं काही बिघडत नाही, त्यांच्या पलीकडचं दिसतं. या दहा मीटरांत पहिल्या गुन्ह्याला ५०० आणि पुन्हा केल्यास १५०० रुपये हा २०२१ पासून राज्यात लागू असलेला दंड विनाअपवाद व्हावा. दुकानदाराच्या, नगरसेवकाच्या आणि पोलिसांच्या गाडीलाही.

गृहनिर्माण संस्थांनाही यात हात घालता येईल. त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात, आणि दरवर्षी तिथे पाहुण्यांच्या गाड्यांवरून तास-तासभर भांडणं होतात. यंदा विषयपत्रिकेत आपल्या गल्लीच्या कोपऱ्याचा एक विषय घालावा. टेप घेऊन दहा मीटर मोजावेत, फोटो काढावा, आणि ठरावाची प्रत क्षेत्रीय कार्यालयाला व वाहतूक शाखेला देऊन पोच घ्यावी. त्या दहा मीटरांत सभासदांपैकी कोणाची गाडी रोज उभी असते, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. ती गाडी आधी हलावी.

— एक रहिवासी, कोथरूड, पुणे