मामांसारखा फाइल मॅनेजर

गेल्या महिन्यात माझा जुना संगणक निवृत्त झाला. मला निवृत्त होऊन १७ वर्षे झाली, त्यामुळे त्याचे दुःख मी समजू शकते. नवा आणण्यापूर्वी नातीने विचारले, "आजी, तुला त्यात काय काय हवंय?" मी म्हटले, "बाकी काही असो, मला फाइल मॅनेजर दुसरा हवा." ती हसायलाच लागली. "अगं, तो कोणी बदलतं का? जो असतो तो वापरतात!"

नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संगणकावरच्या फायली दाखवणारा, हलवणारा, पुसणारा आणि त्यांची नावे बदलणारा जो प्रोग्राम असतो, तो फाइल मॅनेजर. आपण दिवसातून पन्नास वेळा त्याच्याकडे जातो, पण तो निवडून घेता येतो हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते.

आमच्या शाळेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. हेडमास्तरांनी "हे रजिस्टर तिकडे ठेवा" म्हटले की मामा विचारत, "तिकडे म्हणजे कोणत्या कपाटात, सर?" सर कधी कधी वैतागत. पण ३१ वर्षांत त्या शाळेत एक कागद गहाळ झालेला मला आठवत नाही. मला फाइल मॅनेजर हवा तो असा, मामांसारखा.

एवढे मनाला का लागले, तेही सांगते. आमच्या शाळेचे 'क्षितिज' नावाचे हस्तलिखित निघत असे. १९८१ ते २००२, असे २२ अंक. मुलांचे अक्षर, मुलांचीच चित्रे. निवृत्तीनंतर मी ते सगळे अंक घरी आणून एकेक पान स्कॅन केले आणि परत शाळेत नेऊन दिले. पुढे पटसंख्येअभावी शाळा बंद झाली, आणि अंक ठेवले होते त्या कपाटाला वाळवी लागली. म्हणजे आता 'क्षितिज' आहे ते फक्त माझ्या संगणकात.

माझा उजवा हात हल्ली थरथरतो. एकदा १९९३चे फोल्डर माऊसने ओढताना मध्येच सुटले आणि शेजारच्या भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडले. अकरा दिवसांनी वीजबिलांत सापडले! ते निदान सापडले तरी. पण दुसऱ्या वेळी मी १९८९च्या फायली चुकून १९८८च्या फोल्डरमध्ये टाकल्या. स्कॅन करताना दोन्ही वर्षांच्या पानांना मी सारखीच नावे दिली होती, पान ००१, पान ००२ अशी. संगणकाने विचारले, जुन्यांच्या जागी नव्या ठेवू का? मी चष्मा न लावता होकार दिला. अशा पुसल्या गेलेल्या फायली कचरापेटीतही जात नाहीत. चूक सर्वस्वी माझीच.

ती कळली दोन वर्षांनी. एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. १९८८च्या अंकात तिच्या धाकट्या भावाने काढलेले बैलजोडीचे चित्र होते. भाऊ आता नाही. "बाई, तेवढं एक पान पाठवाल का?" मी फोल्डर उघडले आणि बसूनच राहिले. तिला काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही.

असो. तर माझ्या अपेक्षा अशा.

पहिली, शेजारी शेजारी दोन कप्पे. डावीकडे फाइल जिथे आहे ती जागा, उजवीकडे तिला जिथे जायचे आहे ती. ही कल्पना काही माझी नाही. डॉसच्या जमान्यात, १९८६ साली, नॉर्टन कमांडर नावाचा निळ्या पडद्याचा प्रोग्राम आला, त्याने हा पायंडा पाडला. त्याच वळणावर ख्रिश्चन गिसलर या स्विस गृहस्थांनी १९९३ साली विंडोज कमांडर आणला. २००२ पासून त्याला टोटल कमांडर म्हणतात. डबल कमांडर याच घराण्यातला. तो फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो.

दुसरी, माऊसशिवाय काम व्हावे. या घराण्यात एफ-५ दाबले की प्रत, एफ-६ दाबले की स्थलांतर, एफ-८ म्हणजे रद्दी. बोट थरथरले तरी कळ तीच दाबली जाते. शिवाय एफ-५ दाबल्यावर आधी एक चौकट येते, "इथून तिथे नेऊ ना?" म्हणून पूर्ण पत्त्यासकट विचारणारी. मामाच की हो! लिनक्सवरचा डॉल्फिन तर माऊसने ओढून सोडलेल्या फायलीलाही सहसा विचारतो, हलवायची आहे की प्रत करायची आहे.

तिसरी, एकाच नावाच्या दोन फायली समोरासमोर आल्या तर नुसते "हो की नाही" विचारू नये. दोन्हींची तारीख आणि आकार दाखवावा, आणि "नाव बदलून दोन्ही ठेवतो" हा पर्यायही ठळक असावा. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली तर आपण एकाला घरी पाठवतो का? आडनाव लावून हाका मारतो.

चौथी खास मराठी माणसाची. युनिकोडच्या मूळ अनुक्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर. क्ष हे जोडाक्षर म्हणून क मध्ये जाते, त्यामुळे माझे 'क्षितिज' शेवटी असायला हवे ते 'कविता' आणि 'खर्च' यांच्या मध्ये जाऊन बसते. मराठीचा क्रम पाळणारा मॅनेजर मिळाला तर मी त्याला प्रगतिपुस्तकावर अ श्रेणी देईन. लिनक्सवर आणखी एक गंमत आहे. तिथे फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. माझ्यासारख्या निबंध लिहायची सवय असलेल्या बाईला हे अधूनमधून नडते.

यावर नातीचे म्हणणे, "एवढं कशाला? सर्च करायचं ना! आता कोण फोल्डर लावत बसतं?"

इथेच माझे आणि नव्या पिढीचे पटत नाही. शोधायला नाव आठवावे लागते. हस्तलिखिताच्या स्कॅनमध्ये अक्षरे आपल्याला दिसतात, पण नुसते नाव हुडकणाऱ्याला ते पान म्हणजे एक चित्रच. 'पान ०१७' मध्ये बैलजोडी आहे, हे त्याला कोण सांगणार? आणि मुख्य म्हणजे, आपल्याकडे काय आहे हेच विसरलेला माणूस शोधणार तरी काय? कपाट लावलेले असले की एक वस्तू घेताना शेजारची दिसते. १९९३ मला असेच सापडले, वीजबिल बघताना. शोध घेऊन नव्हे.

शिवाय माझ्यानंतर हे कोण उघडणार आहे? जो उघडेल त्याला मी काय शोधत असे ते ठाऊक नसेल. त्याच्यासमोर फक्त फोल्डर असतील, आणि त्यांवरची नावे. ती नीट असली तर 'क्षितिज' राहील. नसली तर 'नवे फोल्डर (३)' म्हणून एका क्लिकमध्ये जाईल, आणि पुसणाऱ्याला मी दोषही देणार नाही.

एक मात्र कबूल करते. मॅनेजर कितीही विचारणारा असो, घाईने हो म्हणणाऱ्या माणसापुढे त्याचा इलाज नाही. म्हणून आता 'क्षितिज'च्या तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक लेकाकडे, एक नातीच्या पेनड्राइव्हवर. आणि प्रत्येक पानाच्या नावात आधी साल येते, १९८९-पान-००१ असे. डबल कमांडरमध्ये शेकडो फायलींची नावे एकदम बदलता येतात. २१ अंकांचे काम एका दुपारी झाले.

हो, २१. विसाव्यात एक कमी असला तर चालते, यात नाही.

तेव्हा मंडळी, आमच्या शाळेतले कोणी हे वाचत असेल, आणि १९८८च्या अंकातले एखादे पान कोणी हौसेने उतरवून किंवा फोटो काढून ठेवले असेल, तर मला जरूर कळवा. बैलजोडीचे असेल तर रात्री-अपरात्री फोन केलात तरी चालेल.