मातीला जाणे, मण्णिगे होगोदु

गेल्या श्रावणात लेकीला घेऊन नंदगडला गेले होते. खानापूर तालुक्यातल्या या गावी संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. १८२४ मध्ये कित्तूरने इंग्रजांशी झुंज दिली, १८२९ मध्ये राणी चेन्नम्मा बैलहोंगलला कैदेत वारल्या. रायण्णाने बंड चालूच ठेवलं आणि १८३१ मध्ये नंदगडला त्याला फाशी झाली. समाधीवरचा वड त्याच्या सोबत्याने लावला, असं लोक सांगतात. मूल व्हावं म्हणून बायका तिथे पाळणे बांधतात.

तिथून माझ्या आजोळी गेलो. माझं माहेर मराठा, आजोळ लिंगायत. आमच्याकडे सरण रचतात, अज्जीकडे माती देतात. इष्टलिंग धारण केलेला देह जाळत नाहीत. विभूती लावून, तळहातावर लिंग ठेवून, बसवून पुरतात. मराठीत आपण 'मातीला' जातो, कन्नडमध्ये 'मण्णिगे'. मराठीत मसण, कन्नडमध्येही मसणच. भाषेवरून कितीही भांडलो तरी शेवटची जागा एका शब्दाची!

गावाबाहेरच्या त्या मसणात दगडी समाध्या दोन-चारच, बाकी नुसती माती. अज्जीला जाऊन तेवीस वर्षं झाली. मी स्वतः मूठभर माती टाकली होती. पण जागा सापडेना. खुणेचा कडुलिंब वाटेसाठी तोडलेला, शेजारच्या शेताचा बांधही आत सरकलेला. मामा इकडेतिकडे बघत म्हणाले, "इल्ले एल्लो इरबेकव्वा." इथंच कुठंतरी असेल. लेक म्हणाली, "आई, रायण्णाचं झाड सगळ्यांनी जपलं. पणजीचं कुणीच कसं नाही जपलं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मामांना सोप्यात बसवलं आणि वही उघडली. कोण कुठे, कुणाच्या शेजारी, कोणत्या वर्षी. मामा कन्नडमध्ये सांगत होते, मी मराठीत लिहीत होते. एकतीस नावं झाली. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्यानंतर हे सांगणारं त्या गावात कुणी नाही.

वाचकहो, आपल्या गावी गेलात की म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर बसा आणि नावं लिहून घ्या. जमल्यास तलाठ्याकडे त्या जागेची नोंद स्मशान म्हणून आहे का, तेही पाहा. नोंद नसलेली जमीन हळूहळू कुणाचीतरी होते. अज्जीची जागा मला मिळाली नाही. तुमच्या अज्जीची अजून मिळेल.